पूर्णिमाची बर्फावरची बीट

माझ्या बायकोला घाण दिसते. तुम्हाआम्हाला दिसते तशी नव्हे. पोह्याच्या गाडीवर मी शेव जास्त घालायला सांगत असतो, तेव्हा ती गाडीखाली वाकून पाणी कुठे जातंय ते बघत असते. लग्नानंतर मला वाटलं होतं, हळूहळू कमी होईल. पण जित्याची खोड ती, अशी जाते होय.

नोकरीच तिची तशी होती. पूर्णिमा नगर निगमात सफाई दरोगा होती. इंदूरबाहेरच्या माणसाला दरोगा म्हटलं की मिशा आणि पिस्तूल आठवतं. आमच्याकडे झाडणाऱ्यांच्या टोळीवर देखरेख करणाऱ्यालाही दरोगाच म्हणतात. तिचे वडील नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी ती लागली. पणजोबा होळकरांच्या फौजेत शिलेदार होते, हे तिच्या माहेरी अजून पाहुण्यांना पहिल्या चहाबरोबर सांगतात. पणजोबांचा घोडा गेला, तलवार गेली, आवाज मात्र वंशात उतरला. कृष्णपुऱ्यातल्या समाध्यांच्या छत्र्यांपासून नदीकाठच्या बाजारापर्यंत तिची बीट, म्हणजे फेरीची हद्द. सकाळी तिचा आवाज ऐकू आला की दुकानदार पायरीवरची खोकी घाईघाईने आत ओढायचे.

मग गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा. जिचं कामच चालणं, तिने चालणं कमी करायचं म्हणजे काय करायचं? तिने मुदतीआधीच नोकरी सोडली. बीट दुसऱ्याकडे गेली.

त्यानंतरचे काही महिने मी विसरणार नाही. पहाटे उठून, आंघोळ करून, वेणी घालून ती खिडकीपाशी बसायची. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत यायची आणि जायची. शेजारच्या धनेशने ओला कचरा सुक्यात टाकला की खिडकीतूनच त्याचा उद्धार. माझे मोजे, माझी दाढी, माझ्या चहाच्या कपाचा गोल डाग, काही सुटत नव्हतं. मी सिंचाई विभागात बाबू होतो. आयुष्यभर साहेबांची बोलणी खाल्लेली, त्यामुळे मला त्याचं फारसं वाटलं नाही. वाटलं ते एका सकाळी तिने सहज विचारलं त्याचं. "अहो, नजर तर अजून तशीच आहे. आता ह्या नजरेचं करू काय?" बायकोच्या बोलण्याची मला सवय असली, तरी त्या दिवशी फार वाईट वाटलं.

त्या दिवाळीत माझ्या धाकट्या भावाची, संजीवची, मुलगी अनुश्री घरी आली. ती डेहराडूनला उपग्रहांनी काढलेली चित्रं वाचायला शिकते. फराळ करता करता म्हणाली, "काकू, एक काम आहे तुमच्यासाठी. घरबसल्या. पैसे-वैसे नाही मिळणार हां, पण काम एकदम असली आहे."

परदेशातली एक संस्था होती. दक्षिण ध्रुवाकडच्या किनाऱ्याची चित्रं ती जगभरच्या हौशी लोकांना वाटून देते. आकाशातून पेंग्विन शोधायचे, एवढंच काम. अनुश्रीने लॅपटॉप उघडून सरावाची काही चित्रं लावून दिली आणि ती चिवडा आणायला आत गेली. परत आली तर पूर्णिमा ओल्या फडक्याने लॅपटॉपची काच घासत होती.

"काकू! हे काय करताय?"

"अगं, किती गंदगी लागलीय बघ! पांढऱ्यावर हा भुरकट डाग. घासतेय तर निघतच नाही."

अनुश्री हसत हसत खालीच बसली. मग म्हणाली, "काकू, तोच तर शोधायचाय! ती पेंग्विनची शी आहे."

पूर्णिमाचा हात थांबला. तिने एकदा फडक्याकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे, जणू शी मीच केली होती. सरावाच्या परीक्षेत ती सपशेल नापास झाली होती. जिथे जिथे डाग होता तिथे तिथे तिने 'चित्र खराब' अशी खूण केली होती आणि कोऱ्या पांढऱ्या चित्रांना पैकीच्या पैकी गुण दिले होते. इंदूरच्या दरोग्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार?

अनुश्रीने मग नीट समजावलं. एम्परर जातीचे मोठे पेंग्विन जमिनीवर नाही, समुद्रावर गोठलेल्या बर्फावर पिल्लं वाढवतात. आपल्याकडे उन्हाळा लागतो तेव्हा तिकडे थंडी सुरू होते, समुद्र गोठतो आणि किनाऱ्याला चिकटून बर्फाचं अंगण तयार होतं. मादी अंडं घालते, ते नराच्या पायांवर सोपवते आणि खायला समुद्रात निघून जाते. नर काळोखात, वादळात, उपाशी, ते अंडं पायांवर घेऊन उभा.

"म्हणजे सगळं काम नवऱ्याचं," मी म्हणालो.

"शिका काहीतरी," पूर्णिमा म्हणाली.

हजारो पक्षी महिनोन्‌महिने एकाच जागी उभे राहिले की बर्फ भुरकट होतो. पक्षी आकाशातून दिसत नाही, डाग दिसतो. डाग असेल तर संसार चालू आहे. पण ते अंगण डिसेंबर सरेपर्यंत टिकलं पाहिजे. पिल्लांच्या अंगावर आधी नुसती लव असते, कापसासारखी. ती पाणी पिते. बर्फ लवकर फुटला आणि पिल्लू पाण्यात पडलं की भिजून, गारठून मरतं. आणि बर्फ फारच पसरला तरी पंचाईत, कारण मग आईबापांना पाण्यापर्यंत जाऊन चारा आणायला लांबची पायपीट पडते. "हल्ली टेन्शन फुटण्याचंच जास्त आहे," अनुश्री म्हणाली. "समुद्र गरम होतोय, काकू. बर्फ उशिरा धरतो आणि जल्दी सोडतो."

पूर्णिमाने फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "माझी बीट कोणती?"

तिला किनाऱ्याचा एक तुकडा मिळाला. त्याला नुसता नंबर होता. तिने त्याचं नाव ठेवलं कृष्णपुरा. त्याच्या पश्चिमेचा तुकडा हातोद, त्याच्याही पुढचा बेटमा, आमच्या इंदूरपलीकडच्या गावांवरून. ते तुकडे दुसऱ्या लोकांकडे होते, पण शेजारपाजार माहीत असावा म्हणून ती त्यांचीही चित्रं बघायची. चष्मा लावून, पायाखाली स्टूल घेऊन ती सकाळी बसायची. मी आपला उंटावरून शेळ्या हाकत मागे उभा. "तो बघ डाग." "तो ढग आहे." "मग हा?" "ही हिमनगाची सावली आहे. तुम्ही चहा टाका."

कृष्णपुऱ्याचा डाग चांगला भरलेला होता. नव्या चित्रात तो थोडा सरकलेला दिसायचा, तेव्हा ती सांगायची, जुनी जागा मळली की पुढे सरकतात, शहाणे आहेत. आमच्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं होतं. धनेशच्या कचऱ्याकडेही तिचं लक्ष जरा कमी झालं. त्याने मला जिन्यात गाठून विचारलं, "भिया, भाभीजी की तबियत तो ठीक है ना?"

नोव्हेंबर अर्धा सरला असेल. काही दिवस नुसते ढग होते. मग एक स्वच्छ चित्र आलं. तिने मला हाक मारली नाही म्हणून मीच डोकावलो. पडद्यावर काळंनिळं पाणी होतं. बर्फ नाही, डाग नाही, काही नाही.

"जागा चुकली असेल," मी म्हणालो.

"बीट चुकत नाही माझी." तिचा आवाज अगदी खाली होता. "पिल्लं लवेतली आहेत अजून. महिनाभर तरी पाण्यात जायची नव्हती."

मी काहीतरी समजुतीचं बोललो, पक्षीच आहेत वगैरे. ती माझ्याकडे वळली. "नदीकाठच्या झोपड्या एका पुरात गेल्या होत्या, आठवतं? दुसऱ्या दिवशी मी राउंडला गेले. चुलीची राख नाही, चिंध्या नाहीत, पोरांची घाण नाही. माझ्या उभ्या नोकरीत तो पट्टा इतका साफ मी कधी पाहिला नव्हता. बरोबरचा एक नवा पोरगा म्हणाला, मॅडमजी, आज तो काम ही नहीं है. त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती मला." त्या दिवशी ती जेवली नाही. मीही नाही, पण मला कुणी विचारलं नाही.

पुढच्या सप्टेंबरात तिकडे उजेड आला आणि चित्रं पुन्हा सुरू झाली. पूर्णिमा पहिल्या दिवशीच बसली. बर्फ होता, पण उशिरा धरलेला, पातळ, कडेला तुटका. डाग नव्हता. तिने ऑक्टोबर पालथा घातला, नोव्हेंबर घातला. हिमनगांच्या आडोशाला पाहिलं, खाडीच्या तोंडाशी पाहिलं. आणि मग संस्थेचा नियम समोर आला. एखादा तुकडा लागोपाठ दोन हंगाम निकामी गेला की तो यादीतून उतरवायचा. बघणारे डोळे थोडे आणि किनारा अफाट, त्यांचंही बरोबरच होतं. पण यादीतून उतरला म्हणजे तिकडे कुणी बघणारच नाही. पाखरं परत आली तरी कुणाला कळणार नाही.

तिच्या बहिणीचा मुलगा बंटी त्या रविवारी आला होता. मोबाइलवर लोकांच्या दुकानांच्या जाहिराती करतो तो. सगळं ऐकून म्हणाला, "अरे मावशी, इत्ती सी बात! ती सावली आहे ना, तिच्यावर एक डॉट टाकून दे. कोण चेक करतंय? एक साल मिळेल, बस."

मला ते पटलं. एक ठिपका, कुणाचं काय जातंय. मी तसं बोललोही.

पूर्णिमाने चष्मा काढला. "माझ्या बीटमध्ये जो आला नाही त्याची हाजिरी मी कधी लावली नाही. आमदाराचा माणूस लावायला सांगत होता तेव्हाही नाही. आणि आता मेलेल्या पाखरांची लावू?"

"मावशी, तू तो सीरियस हो गई."

"खोटी हाजिरी लागली ना बंटी, की माणूस आहे असं धरून चालतात सगळे. मग त्याला शोधायला कुणी जात नाही."

मी शेवेचा डबा उगाच उघडून बंद केला. तिने सगळ्यांसमोर नोंद केली. 'वसाहत नाही.' त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगू शकणार नाही. स्वतःच्या हाताने स्वतःची बीट तिने दुसऱ्यांदा सोडली.

काही दिवसांनी संस्थेचं गोड भाषेत पत्र आलं. आभार, आणि पुढच्या हंगामात आपल्याला एक भरलेला तुकडा देत आहोत, तिथे मोठी वसाहत आहे. मी म्हटलं, घे, सुखाने बघ मोठाले डाग. तिने नाही म्हटलं. अनुश्रीला फोन लावला. "मला हातोद आणि बेटमा हवेत."

"काकू, तिथे काय आहे? पूरा बर्फाचा कडा आहे. लोक हफ्ताभरात बोअर होऊन सोडून देतात."

"सोडलेत ना? मग मला दे. एवढी जाणती पाखरं, सगळीच्या सगळी बुडाली नसतील. पिल्लं गेली, पण मोठी पोहतात. ती कुठेतरी टेकली असतील. पोरं गेली म्हणून कुणी घर मांडायचं सोडत नाही."

अनुश्री म्हणाली, "शक्य आहे, काकू. काही वसाहती सरकल्यात अशा. काही तर कड्यावर चढल्यात. पण मिळेल याची गॅरंटी नाही हां."

"गॅरंटी मागितली कुणी?"

तिसऱ्या हंगामात तिने जे केलं त्याला मी चिकाटी म्हणणार नाही. चिकाटी मुंगीला असते. हे हट्टाच्या पुढचं काहीतरी होतं. गुडघ्याला गरम पट्टा, डोळ्यांत थेंब, आणि समोर पांढरंच पांढरं. सप्टेंबर गेला. नवरात्रात घट बसले आणि उठले. मी म्हणायचो, पूर्णिमा, वाळूतून तेल काढतेयस. ती म्हणायची, तुम्ही भाजी आणा.

एका सकाळी ती नेहमीसारखी तुकड्याच्या मधोमध बघत नव्हती. हातोदच्या अगदी पश्चिमेच्या कडेचं आणि बेटम्याच्या अगदी पूर्वेच्या कडेचं, अशी दोन चित्रं तिने शेजारी शेजारी लावली होती. मी विचारलं तर म्हणाली, "दोन दरोग्यांच्या हद्दीवर नेहमी उकिरडा असतो. हा म्हणतो त्याचा, तो म्हणतो ह्याचा. जिंदगीभर तिथेच भांडले मी." आणि मग ती पडद्याकडे वाकली.

एका चित्राच्या काठाला नखाएवढा भुरकट ओरखडा होता. दुसऱ्या चित्राच्या काठाला तसाच. एकटा पाहिला तर धूळ म्हणून सोडून दिला असता. दोन्ही जोडल्यावर डाग झाला. कड्याच्या आडोशाला, एका अरुंद खाडीत, लहानसा. तिने त्याच जागेचं आठवड्यापूर्वीचं चित्र काढलं. तिथेही होता. त्याच्याआधीचंही काढलं. होता.

"अहो," ती म्हणाली, "घाण आहे!"

इतक्या आनंदाने हा शब्द कुणी उच्चारलेला मी ऐकला नव्हता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

पुढे कळलं की चिली देशातल्या कुणा शाळामास्तरणीने तोच डाग पूर्णिमाच्या आधी पाच-सहा दिवस टिपला होता. मला वाटलं, आता ही खट्टू होणार. पण ती खूश झाली. दोन वेगळ्या माणसांच्या खुणा जुळल्याशिवाय संस्था नवी जागा यादीत घेत नाही. "बघा, ती बाईसुद्धा हद्दीवरच शोधत होती," ती म्हणाली. ही तीच कृष्णपुऱ्याची पाखरं का, हे सांगता येत नाही, असं संस्थेने स्पष्ट कळवलं. पूर्णिमाने ते वाचलं आणि मान हलवली. मला वाटतं, तिला जे धरायचं ते तिने धरलेलं होतं. नोंदीत मात्र तिने 'नवी वसाहत' एवढंच लिहिलं.

आता एकच प्रश्न उरला. बर्फ टिकेल का? नोव्हेंबरचा मधला आठवडा आला तेव्हा आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. तो गेला. डिसेंबर लागला आणि खाडीच्या तोंडाशी एक काळी रेघ दिसली. पुढच्या चित्रात ती रुंद झाली. मग ढग आले. दिवसांमागून दिवस ढग. मी खजराण्याला जाऊन गणपतीला नारळ ठेवून आलो. तिला सांगितलं नाही. ती म्हणाली असती, गणपतीला काय माहीत पेंग्विन.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एकदा ढग फाटले. तोंडाकडचा बर्फ गेला होता, आतला होता. आणि डाग आता एकसंध नव्हता. तो विरळ झाला होता, पाण्याच्या दिशेने ओघळल्यासारखा लांबत गेला होता. तिने चित्रावरची तारीख तेवढी बोटाने दाखवली.

जानेवारी लागल्यावर पुढचं चित्र आलं. पाणी. सगळं पाणी. काळंनिळं आणि कोरं. हे चित्र मी आधी पाहिलं होतं आणि त्यानंतरचं घरही पाहिलं होतं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

पण ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. कृष्णपुऱ्याच्या जागी पाणी दिसलं त्या दिवशीसुद्धा ती रडली नव्हती, ती आता रडत होती.

"अहो, वेळेवर गेली! लव झडली, पिसं आली, आणि आपल्या पायांनी गेली. ह्यांना कुणी जागेवरून उठवलं नाही."

तिने पदराने तोंड पुसलं, नोंदीत 'पिल्लं वाढली' अशी खूण केली आणि लगेच अनुश्रीला फोन लावला. पलीकडून अनुश्री ओरडली, हसली, अभिनंदन म्हणाली. पूर्णिमाने ते सगळं होऊ दिलं. मग ती तिच्या जुन्या आवाजात बोलली. पाच वाजता बाजार जागा करणाऱ्या त्या आवाजात.

"ते राहू दे. एप्रिलात ती परत येतील. बर्फ असेल नसेल, येतील, मला माहीत आहे. तेव्हा तिकडे अंधार पडत असणार, काही दिसायचं नाही, तेही माहीत आहे. सप्टेंबरात उजेड आला की पहिलं चित्र मला पाठव. आणि सांगून ठेव तुझ्या त्या लोकांना, ही बीट दुसऱ्या कुणाला द्यायची नाही."